भाजल्याच्या व्रणासाठी अमेरिकेतून सामान: प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२४, सांगली

नाटक ठरलं. दोन अंक, सहा पात्रं, प्रयोग नोव्हेंबरात रंगभूमी दिनाच्या आसपास. संस्था हौशी, त्यामुळे हिशेब, परवानग्या, चहा आणि सामान हे सगळं नेहमीप्रमाणे माझ्याकडे.

या वेळी सामानातली खरी अडचण रंगभूषेची आहे. मुख्य पात्र फाउंड्रीतला कामगार. डावा गाल, कान आणि मनगटापर्यंतचा हात भाजून बरा झालेला. दुसऱ्या अंकात तो रंगमंचाच्या टोकाशी बसून बोलतो आणि पहिली रांग त्याच्यापासून पाच-सहा फुटांवर असते. आवाज नको म्हणून पंखे बंद, वरून दिवे. नट अंगाने घामट. काका (आमचे रंगभूषाकार, निवृत्त चित्रकला शिक्षक) म्हणाले, "ग्रीज पेंटचा व्रण पहिल्या अंकातच गळ्यापर्यंत उतरेल. आणि जिलेटिनचा केला तर पोर संवाद म्हणत असताना गाल लोंबायला लागेल."

ते खरंच आहे. जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात घेऊन घरी केलेला व्रण फोटोत सुरेख दिसतो, पण उष्णतेने पुन्हा पातळ होतो.

१० जुलै

काकांची यादी आली. वहीच्या पानावर, शाळेतल्या सुवाच्य अक्षरात:

अल्कोहोलने उठणाऱ्या रंगांचं पॅलेट, व्रण आणि जखमांच्या छटांचं. प्रोस-एड, म्हणजे त्वचेवर कृत्रिम भाग चिकटवायचा गोंद. तो घट्ट करायला फ्यूम्ड सिलिकाची पूड. रिजिड कोलोडियन. स्पिरिट गम. शेवटी मारायचा सीलर स्प्रे. आणि हे सगळं काढायचं रिमूव्हर.

आजवर आमचं काम क्रायोलानवर निभावत आलंय. बर्लिनची कंपनी, १९४५ची; तिचा माल मुंबईत मिळतो. पण काकांना हवं असलेलं पॅलेट मुंबईत एका दुकानात संपलेलं आणि दुसऱ्या दुकानात आधी उघडलेलं निघालं. अमेरिकेत रंगभूषेच्या सामानाची ऑनलाइन दुकानं आहेत आणि तिथे यादीतलं सगळं एका छपराखाली मिळतं. ती दुकानं भारतात पाठवत नाहीत. म्हणून फॉरवर्डर.

व्यवस्था अशी. फॉरवर्डर आपल्या नावावर अमेरिकेतला एक पत्ता देतो, गोदामाचा, आपल्या खाते क्रमांकासह. दुकान तिथे पाठवतं, गोदाम पार्सल उघडून नोंदवतं, आपण सांगू तेव्हा दोन-तीन पार्सलं एका खोक्यात घालून विमानाने भारतात रवाना करतं. मी निवडलेल्याचं गोदाम डेलावेअरमध्ये आहे. तिथे राज्याचा विक्रीकर नाही. हाच माल न्यूयॉर्क शहरातल्या पत्त्यावर मागवला असता तर ८.८७५ टक्के जादा गेले असते.

१४ जुलै

यादी घेऊन ऑफिसात एक्स्पोर्टच्या टेबलावर गेले. आमची कंपनी कास्टिंग बाहेर पाठवते, त्यामुळे तिथे बसणाऱ्या सरांना पार्सलपेक्षा कंटेनरची भाषा जास्त येते. त्यांनी किंमत विचारलीच नाही. पहिला प्रश्न: "यातल्या किती बाटल्या पेट घेतात?"

मग त्यांनी मला सेफ्टी डेटा शीट, म्हणजे प्रत्येक रसायनाच्या धोक्यांची माहितीपत्रकं, शोधायला लावल्या. बहुतेक उत्पादक त्या आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. सोळा विभाग असतात. आपल्याला दोनच बघायचे: विभाग ९ मध्ये ज्वलनबिंदू (ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) आणि विभाग १४ मध्ये वाहतुकीची माहिती. बंद भांड्यातल्या चाचणीत द्रवाचा ज्वलनबिंदू ६० अंश सेल्सियस किंवा त्याखाली आला, की तो हवाई वाहतुकीसाठी वर्ग ३, म्हणजे ज्वालाग्राही द्रव. वर्ग ३ चा माल विमानाने जातच नाही असं नाही. ठराविक वेष्टन, प्रशिक्षित माणूस आणि कागद असले तर जातो. पण आपल्यासारख्या फुटकळ गिऱ्हाईकासाठी फॉरवर्डर ती यातायात करत नाही. सरळ नाही म्हणतो.

संध्याकाळी काकांकडे बसून यादी पुन्हा तपासली.

स्पिरिट गम: राळ आणि अल्कोहोल. यूएन ११३३ (धोकादायक मालासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक), वर्ग ३. बाद.

रिजिड कोलोडियन: अल्कोहोल आणि ईथरमध्ये विरघळवलेलं नायट्रोसेल्युलोज. त्वचेवर वाळताना आकसतं, म्हणून खोलगट व्रण दिसतो. ईथरचा ज्वलनबिंदू उणे ४५. बाद, आणि मला विचाराल तर बरंच झालं. सतराव्या प्रयोगानंतरही गाल ओढून धरणारी गोष्ट हौशी नटाच्या तोंडाला कशाला लावायची?

सीलर स्प्रे: दाबाच्या डब्यातला असेल तर एरोसोल, यूएन १९५०. पंपाचा असेल तर आत अल्कोहोल. दोन्ही बाद.

प्रोस-एड: न्यू जर्सीत तयार होणारा पाण्यातला ॲक्रिलिक गोंद. ओला असताना दुधासारखा, वाळला की पारदर्शक. विभाग १४ मध्ये वाहतुकीवर बंधन नाही. चालेल.

पॅलेट: कोरड्या वड्या. चालेल. वड्या उठवायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. त्याचा ज्वलनबिंदू १२ अंशांच्या आसपास, म्हणजे सांगलीत जवळजवळ वर्षभर हवेचं तापमान त्याच्या वरच. पण ते प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानात इथेच मिळतं.

रिमूव्हर: आयसोप्रोपिल मायरिस्टेटवालं. तेलकट, सहज न पेटणारं. चालेल.

अर्धी यादी विभाग १४ ने खोडली. दुकानाच्या पानावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. तिथे फक्त "कार्टमध्ये टाका" हे बटण असतं.

१७ जुलै

फ्यूम्ड सिलिका उरली होती. पेटत नाही, विषारी द्रव नाही, स्वस्त. तरीही कापली, कारण तिचं वजन. म्हणजे वजन नसणं.

हवाई कुरियर दोन वजनं काढतं. एक काट्यावरचं. दुसरं खोक्याचं: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. जे जास्त त्याचे पैसे. फ्यूम्ड सिलिका इतकी फुसफुशीत असते की लिटरभर डब्यात साधारण पन्नास ग्रॅम मावते. आपण हवेचं भाडं भरणार. हीच पूड फायबरग्लासची कामं करणारे रेझिन घट्ट करायला वापरतात, तेव्हा ती जवळपास मिळणार हे नक्की. (मिळाली, कोल्हापुरात. दुकानदाराने नाटकासाठी म्हटल्यावर पिशवी जरा मोठी दिली आणि वर मास्क लावा असंही बजावलं. बरोबरच आहे. ती पूड श्वासात गेलेली चांगली नाही.)

२६ जुलै

तालीम रद्द. कोयना धरणातून विसर्ग वाढलाय, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकतेय. नदीकाठच्या दोन नटांनी सामान माळ्यावर चढवलंय. ऑर्डर पुढच्या आठवड्यात.

८ ऑगस्ट

ऑर्डर दिली आणि दुसऱ्या दिवशी दुकानाने रद्द केली. पैसे परत येतील, कारण लिहिलेलं नाही.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. अमेरिकेतली दुकानं कार्डाचा बिलिंग पत्ता बँकेकडच्या पत्त्याशी पडताळतात. भारतीय बँकांच्या कार्डांना ही पडताळणी नीट उत्तर देत नाही. त्यात बिलिंग पत्ता विश्रामबाग, सांगली, आणि माल जाणार डेलावेअरच्या अशा गोदामात जिथे हजारो लोक एकाच पत्त्यावर राहतात. फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेच्या डोळ्यांनी पाहिलं तर मीही रद्द केली असती.

दुसऱ्यांनाही उपयोगी पडेल म्हणून नोंद: ऑर्डर देण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं ही सोय बंद ठेवूनच येतात.

उपाय: फॉरवर्डरची "आम्ही विकत घेतो" सेवा. आपण दुव्यांची यादी द्यायची, ते त्यांच्या अमेरिकी कार्डाने घेतात आणि वर टक्केवारी लावतात. सात टक्के. घासाघीस करायला समोर कुणी माणूसच नाही.

१२ ऑगस्ट

दोन दुकानांत मिळून ऑर्डर गेली. पॅलेट एकाकडून ९२ डॉलरचं, गोंद आणि रिमूव्हर दुसऱ्याकडून ५८ डॉलरचं. एकूण १५० डॉलर.

काकांनी एक ब्रशचा संच पाहून ठेवला होता. मी म्हटलं, "काका, ब्रश मिरजेत घेऊ." ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले. ब्रश मिरजेतच घेणार आहोत.

१९ ऑगस्ट

राखी. भावाकडे जेवण. त्याने आपल्याला सगळं कळतं या थाटात सल्ला दिला: "गिफ्ट म्हणून लिहायला सांग. पाच हजारांपर्यंत ड्यूटी नसते."

नसायची. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने टपाल आणि कुरियरने भेट म्हणून येणारा माल बंदच केला. अपवाद दोन: जीवरक्षक औषधं आणि राखी. त्यातही गंमत अशी की राखी चालते, राखीबरोबरची भेटवस्तू चालत नाही. आजच्या दिवशी हे सांगताना मजा आली. भावाने मोबाईलवर तपासलं आणि विषय बासुंदीकडे वळवला.

किंमत कमी लिहायला सांगण्याचा मार्गही बरेच जण सुचवतात. दुकानाचं बिल गोदामाकडे असतं आणि कस्टम्सने मागितलं तर तेच द्यावं लागतं. शिवाय पार्सल हरवलं तर विमा लिहिलेल्या किमतीचाच. मी खरी रक्कम लिहिली.

२२ ऑगस्ट

कोल्हापूरच्या एका संस्थेचा फोन. त्यांच्यापर्यंत बातमी पोहोचली. "ताई, मागवताच आहात तर आमच्यासाठी चार पॅलेट घ्या, पैसे जास्त देऊ."

नाही म्हटलं. माझ्या नावावर, माझ्या आधारवर येणारं हे पार्सल माझ्या वापरासाठीचं आहे. विकायला सौंदर्यप्रसाधनं आणायची तर सौंदर्यप्रसाधने नियम २०२० आडवे येतात: केंद्रीय औषध नियंत्रकाकडे सीओएस-१ अर्ज, मग सीओएस-२ नोंदणी, मग भारतातल्या आयातदाराच्या नाव-पत्त्याचं लेबल. एका खोक्यात एकसारखी पाच पॅलेट दिसली की कस्टम्सच्या माणसाने दुकान समजलं तर त्याचं काय चुकलं? त्यांना फॉरवर्डरचं नाव दिलं आणि विभाग १४ बद्दल सांगितलं. जरा नाराज झाले.

२ सप्टेंबर

अमेरिकेत आज लेबर डे, गोदाम बंद. पॅलेट पोहोचलंय. दुसरं पार्सल वाटेवर.

५ सप्टेंबर

गोदामाचा मेल: "दुसऱ्या पार्सलवर धोकादायक मालाचं चिन्ह आहे. रोखून ठेवलं आहे."

फोटो पाहिला. खोक्यावर चौकोन टोकावर उभा, वरचा-खालचा कोपरा काळा, मध्ये पांढरं. हे "मर्यादित प्रमाण" चिन्ह. त्याचा अर्थ, आत थोडा धोकादायक माल आहे आणि रस्त्याने न्यायला हरकत नाही. विमानासाठी त्याच चिन्हात मध्ये वाय अक्षर लागतं. पण मी मागवलेल्या दोन्ही वस्तूंना कुठलंच बंधन नव्हतं, मग हे चिन्ह आलं कुठून?

गोदामाला आतले फोटो मागितले. गोंद. रिमूव्हर. आणि एक इवलीशी बाटली, वर चिकटवलेली चिठ्ठी: खरेदीबद्दल आभार म्हणून भेट. स्पिरिट गम.

काकांना फोन केला. ते इतके हसले की मागून काकूंनी काय झालं विचारलं. "आपण खोडलं, त्यांनी फुकट दिलं!"

गोदामाने तीन पर्याय ठेवले: सगळं पार्सल दुकानाला परत, सगळं नष्ट, किंवा ज्वालाग्राही वस्तू तेवढी काढून नष्ट करायची, बाकी नव्या खोक्यात. तिसरा घेतला. सहा डॉलरमध्ये काढणं, दोन्ही पार्सलं एकत्र करणं आणि नवं वेष्टन. पुढच्या वेळी विकत घेण्याच्या सूचनांमध्ये एक ओळ घालायची: नमुने आणि भेटी पाठवू नयेत.

९ सप्टेंबर

घरचे गणपती, पाहुणे, मोदक. मधल्या वेळात गोदामाचं नवं मोजमाप आलं.

दुकानांची खोकी आहे तशी मोठ्या खोक्यात घातली असती तर ४० × ३० × २५, म्हणजे ३०,००० भागिले ५०००, सहा किलोचं भाडं. काट्यावर माल १.९ किलो. माल ठेचला जाऊ नये म्हणून दुकानं खोक्यात हवेच्या पिशव्या कोंबतात, आणि त्या पिशव्या आपण अटलांटिकवरून आणत असतो. नवं खोकं २८ × २० × १५: ८४०० भागिले ५०००, १.६८. आता काट्यावरचं वजन जास्त, तेव्हा दोन किलोचे पैसे. ४८ डॉलर.

एकच काळजी. पॅलेटच्या वड्या दाबलेल्या असतात, सगळी गादी काढून टाकली तर तडकतील. पॅलेटभोवती फुग्यांचं प्लास्टिक ठेवा, बाकी काढा असं लिहून दिलं. टपालाने याहून स्वस्त झालं असतं, पण तारीख हातात राहिली नसती. कुरियरच घेतलं.

१३ सप्टेंबर

पार्सल मुंबईत. केवायसीचा दुवा आला, आधारची माहिती भरली. दुवा मी मेसेजमधून उघडला नाही. कुरियरच्या संकेतस्थळावर जाऊन ट्रॅकिंग क्रमांक टाकला आणि तिथून भरलं. कारण याच आठवड्यात एक फोन येऊन गेला: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, मुंबई पोलिसांना जोडून देतो, व्हिडिओवर या. नेमकं पार्सल खरंच कस्टम्समध्ये असताना असा फोन आला की पोटात गोळा येतोच. ठेवून दिला. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० क्रमांकावर तक्रार नोंदवली. आईला आणि काकांना त्याच रात्री सगळं सांगून ठेवलं, कारण पार्सलच्या चौकशीसाठी त्यांचेही नंबर मी दिले होते.

१६ सप्टेंबर

ड्यूटीचं बिल आलं. इथे मी अकाउंटन्टची हौस भागवून घेतली.

ड्यूटी मालाच्या किमतीवर नसते. किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर असते. विमानाने आलेल्या मालाचं भाडं मात्र धरताना मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. माझं भाडं ४८ डॉलर, पण धरलं ३०. विम्याचा आकडा दिलेला नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के. बेरीज १८१ डॉलर ६९ सेंट. डॉलरचा दर कस्टम्सचा, बँकेच्या दरापेक्षा किंचित वर, ८५ ला थोडा कमी. साधारण १५,४०० रुपये.

सगळा माल सरसकट सौंदर्यप्रसाधनांच्या मथळ्याखाली गेला. मूळ सीमाशुल्क २० टक्के (२०१८च्या अर्थसंकल्पाआधी ते १० होतं). त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी २. शंभराच्या मालाचे झाले १२२. त्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. शंभराचे १४३.९६.

ड्यूटी सुमारे ६,७८०. आणि कुरियरने ती आपल्या वतीने आधी भरली म्हणून त्याचं वेगळं शुल्क, जीएसटी धरून ८२६.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन, आज पार्सल. आख्ख्या गल्लीला गुलालाचा वास आणि त्यात कुरियरवाला पत्ता विचारत हिंडतोय.

पॅलेटची एक वडी कोपऱ्यात तडकली आहे, बाकी शाबूत. तडकलेल्या वडीवर दोन थेंब अल्कोहोल टाकून काकांनी ती बोटाने दाबून बसवली. या रंगाचं हे एक बरं असतं.

एकूण हिशेब: माल १२,६००. विकत घेण्याची टक्केवारी आणि वेष्टन १,३८६. विमानभाडं ४,०३२. कार्डाचं परकीय चलन शुल्क साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, ७४४. ड्यूटी आणि कुरियरचं शुल्क मिळून ७,६०० च्या आसपास. एकंदर २६,३०० ते २६,४००. दीडशे डॉलरचा माल दारात येईपर्यंत दुपटीच्या वर गेला. समितीने आकडा ऐकून घेतला. खजिनदारांनी फक्त एवढंच विचारलं, "पॅलेट किती नाटकं टिकेल?" काका म्हणाले, "मी टिकेन तितकी."

२१ सप्टेंबर

नटाच्या कोपराच्या आतल्या बाजूला गोंदाचा ठिपका लावून सोडला. चोवीस तास. लाली नाही, खाज नाही. ही चाचणी न करता कोणाच्या चेहऱ्याला काही लावायचं नाही हा काकांचा नियम जुनाच आहे, पण या वेळी वहीत सही घेतली.

५ ऑक्टोबर

व्रण तयार करण्याचं काम. काकांनी भाजलेल्या त्वचेची घडण आधी मातीत केली: मध्ये गुळगुळीत चकचकीत पट्टे, कडेला सुरकुत्या ओढल्यासारख्या. फोटो संदर्भासाठी आमच्याच कंपनीतल्या एका जुन्या मोल्डरमामांनी आपला हात दाखवला. त्यांचा हात पाहून काकांनी केलेला पहिला नमुना मोडला. "मी लाल रंग फार धरला होता. जुना व्रण लाल नसतो."

मातीवर सिलिकॉन ओतून सपाट साचा. प्रोस-एडमध्ये फ्यूम्ड सिलिका कालवून लोण्यासारखा लगदा. तो साच्यात भरून वर ट्रान्सफरचा कागद दाबायचा, फ्रीझरमध्ये ठेवायचं, गोठल्यावर सोडवायचं आणि पंख्याखाली वाळू द्यायचं. वाळला की रबरासारखा लवचीक व्रण कागदाला चिकटलेला मिळतो. चेहऱ्यावर लावताना कागद मागून ओला केला की सुटतो, लहान मुलांच्या गोंदवण्याच्या स्टिकरसारखा. ही पद्धत अमेरिकी रंगभूषाकार ख्रिश्चन टिन्सली यांनी रुळवली आणि तिच्यासाठी त्यांना ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला आहे. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्याच्याकडे वेगळा फ्रीझर असणार."

आमच्याकडे नव्हता. आईने एक कप्पा दिला आणि त्यावर कागद चिकटवला: हे खायचं नाही.

१३ ऑक्टोबर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली रंगीत चाचणी. कडा बसवायला ९९ टक्के अल्कोहोलचा ब्रश: व्रणाची पातळ कड विरघळून त्वचेत मिसळते, बोट फिरवलं तरी पायरी लागत नाही. त्यावर पॅलेटचे रंग. पिवळट, मग फिकट जांभळा, मग काकांचा आवडता मळका हिरवा, शिंपडून.

डोळ्यांजवळ अल्कोहोल नको. तिथे काकांनी जुनाच क्रीम मेकअप वापरला आणि पावडर लावली. नटाला डोळे मिटून श्वास बाहेर सोडत राहायला सांगितलं. खिडक्या उघड्या, उदबत्ती बाहेर. रंगपटात उदबत्ती विझवायला लावणं हे सगळ्यात अवघड काम निघालं, कारण नटराजाच्या तसबिरीपुढे ती लावायची प्रथा आहे आणि प्रथेला ज्वलनबिंदू समजावता येत नाही. तसबीर विंगेत हलवली.

पंखे बंद करून, हॅलोजन लावून दोन तास. नटाला कवायत करायला लावली. कपाळावरून घाम ओघळला, व्रणावरून वाहून गेला, रंग जागेवर. हनुवटीखाली एक कड अर्धा सेंटिमीटर उचलली, कारण तिथे दाढीचे खुंट होते. प्रयोगाच्या दिवशी त्याने दोनदा दाढी करायची.

सीलर स्प्रेची गरजच पडली नाही. यादीत तो सवयीने आला होता.

२० ऑक्टोबर

काढण्याची चाचणी. ओढून काढायचं नाही, हे नटाला तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा त्याने ओढलंच. रिमूव्हर कडेने ब्रशने आत सोडत जायचं, दहा-पंधरा मिनिटं लागतात. मग साबण, मग मॉइश्चरायझर. एका वेळी बाटलीचा बराच भाग गेला. रिमूव्हर कमी मागवलं गेलंय असं वाटतंय. काका म्हणतात हातासाठी खोबरेल तेलही चालेल. हातावर चाललं. गालासाठी बाटली राखून ठेवली.

१० नोव्हेंबर

प्रयोग झाला. परीक्षणात रंगभूषेबद्दल अर्धं वाक्य आलं, त्यात काकांचं आडनाव चुकलं. मध्यंतरात पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मला गाठून विचारलं, "त्या मुलाला खरंच काही झालंय का हो?" काकांना हे सांगितल्यावर त्यांनी परीक्षणाचं कात्रण घडी करून खिशात ठेवलं.

१७ नोव्हेंबर

शिल्लक आणि पुढचं.

पॅलेट: जवळजवळ पूर्ण. प्रोस-एड: निम्मं, झाकण घट्ट, सावलीत. रिमूव्हर: संपलं. सिलिका: पिशवीभर, दुसरी संस्था मागते आहे, ती देणार, कारण ती इथलीच आहे.

पुढच्या वेळी फॉरवर्डरकडून फक्त कोरडं आणि पाण्यातलं: रंग, गोंद. रिमूव्हर दोन बाटल्या. ओलं, वासाचं, पेटणारं आणि फुगीर जे काही असेल ते सांगली-कोल्हापूर-मुंबईत शोधायचं. यादी काका करतील, पण ऑर्डरआधी तिच्यापुढे विभाग १४ चा रकाना मी भरणार. काकांनी आजच नवी यादी दिलीय, एका म्हाताऱ्या पात्रासाठी. पहिल्याच ओळीवर पातळ लेटेक्स आहे, आणि त्याखाली पुन्हा तो ब्रशचा संच.